चिठ्ठीविरुद्ध माझं बंड

१८ फेब्रुवारी २०२६, राखेचा बुधवार
कपाळाला राख लावून घेतली. चर्चच्या दारातच आमच्या ट्राम डेपोचे साहेब उभे होते, म्हणून. पण निश्चय पक्का! यंदा ईस्टरला कबुली द्यायची नाही. आमच्या गेंट शहरातल्या प्रत्येकानं फादरपुढे गुडघे टेकायचे, पापं सांगायची, शिक्क्याची चिठ्ठी घेऊन पेटीत टाकायची. का म्हणून? मी देवच मानत नाही. हे पान उद्या फाडणे.

१ मार्च, रविवार
बायकोला, गोडेलीवला, सांगून टाकलं. आधी खिडकी लावली, नळ सोडला. म्हटलं, पूर्वी पॅरिसात काही लोकांनी राज्य आणि चर्च वेगळं करायचा घाट घातला होता. जमलं असतं, तर आज माझ्यासारख्या कंडक्टरकडे नुसता तिकिटांचा हिशेब मागितला असता, पापांचा नाही. पण त्यांना आठवड्यात चिरडलं. आता भिस्त आपल्यावर. दोघांनीही जायचं नाही! ती उठून नळ बंद करून आली, मग बरं म्हणाली. तिला बहुतेक गांभीर्य कळलं नाही.

२२ मार्च
डेपोत यादीचीच कुजबुज. चिठ्ठी नाही, तर चर्चच्या दारावर नाव. नाव लागलं की नोकरी गेली, वर धर्मकोर्टाचं बोलावणं. आमच्या डेपोतला यॉरिस गेल्या वर्षी तिथं गेला, तो अजून यायचाय. रात्री दाराला दोनदा कडी लावली. भीतीनं नव्हे, वारा होता.

४ एप्रिल
झोप नाही. जिन्यात पाऊल वाजलं की धस्स होतं. गोडेलीव शाळेत शिकवते, तिचीही नोकरी जाईल. तरी निवांत वह्या तपासत होती. तू आहेस म्हणून धीर येतो, म्हणाली.

१२ एप्रिल, चिठ्ठी टाकायचा शेवटचा दिवस
सकाळी ११. चर्चकडे चाललोय. लांबून बघायला फक्त.
दुपारी १. रांगेत आहे. उभं राहणं म्हणजे काही कबुली नव्हे.
दुपारी ३. फादर वाल्टरना डोळे मिटून सांगितलं, देव मानत नाही. ते जांभई देत म्हणाले, सकाळपासून तुम्ही एकविसावे, आणखी काही? तीन प्रार्थना, शिक्का, चला पुढचा. चिठ्ठी पेटीत टाकली. बंड आतून करायचं असतं.
पेटी पाचपर्यंत उघडी होती. गोडेलीवला सांगून तिलाही पाठवणार होतो. पण ती गाणं गुणगुणत वॉफल करत होती. एवढी खुशीत, कसं सांगणार? राहिलंच.

१३ एप्रिल, सोमवार
यादी लागली. अख्ख्या वस्तीतून एकच नाव, गोडेलीवचं. तिनं वाचलं. मग कागद उचलून मागची बाजूही पाहिली, माझं नाव तिथं असेल म्हणून. आजूबाजूचे लोक सरकले. मीही जरासा सरकलो.
मी हळूच म्हणालो, लिहिताना राहिलं असेल माझं, उद्या लावतील. ती म्हणाली, हो, असेल. आणि एकटीच घराकडे निघाली.
मागोमाग जाणार होतो. पण ड्यूटीला उशीर होत होता.