चुंबक

ता. ९, मंगळवार

चि. बाळास,

आईचा आशीर्वाद. इकडे ठीक आहे. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, नवा घातला. शेजारीण स्वतः अंगानं सुटलीय आणि म्हणते, माप माझं चुकलं.

फोनवर तू "हो, हो" करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे.

तुझी पिटुकली दवाखान्यातच आहे. बायको तुझी तिथंच खुर्चीत झोपते. जेवते, मी ओरडले की.

पोटातली गाठ काढली, हाडातला मगज दुर्बिणीखाली स्वच्छ दिसला, तेव्हा तू कामावर परत गेलास. बरोबर केलंस. पण डॉक्टरीणबाईंनी त्याच मगजाची डीएनएची तपासणी पाठवली होती. तिचा रिपोर्ट आला. मी म्हटलं, "एकदा स्वच्छ म्हणालात ना? आता काय नवीन?" पोरसवदा आहे बाई, पण चिडली नाही. म्हणाली, "आजी, त्या गाठीची एक खूण डीएनएवर असते. पेशी डोळ्याला दिसल्या नाहीत, पण खूण सापडली."

मला पटलं. शिवून झालेल्या कपड्यावरून आपण चुंबक फिरवतो ना, तसंच. डोळ्याला टाचणी दिसत नाही आणि चुंबकाला येऊन चिकटते. ते काम पिटुकलीचंच होतं, मला हातही लावू द्यायची नाही.

म्हणून तिला तसंच सांगितलं. तिनं विचारलं, "आजी, चिकटलं काही?"

"चिकटलं."

"मग काढा की."

मी उशीचा अभ्रा सारखा करत बसले.

पसरलंय रे. औषध आहे म्हणतात, देणारही आहेत. पण बरी होईल का विचारलं तर बाई माझ्याकडे न बघता बोलली. तुझ्या बायकोला हे तुला सांगवत नाही. तुलाही ऐकायचं नाही, कळतं मला. तू बापाच्या आजारपणातही अंगणातच उभा राहायचास.

तिचा पिवळा फ्रॉक झालाय. खालून चार बोटं कापड आत दुमडलंय, वाढत्या अंगाला खाली सोडता यावं म्हणून. हाताची सवय. नंतर लक्षात आलं. राहू दिलं तसंच.

वाट बघते वगैरे लिहिणार नाही. तिनं विचारलं तेव्हा मी सांगून बसलेय, बाबा निघाला म्हणून. मला तिच्यासमोर खोटी पाडू नकोस.

आई