नव्या गाडीचं तोंड आणि तुमच्या बहिणीचा गुडघा

तीर्थस्वरूप नंदकुमारदादा यांस,

घणसोली गावातून तुमचे मेव्हणे गोटीराम यांचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खाऊनपिऊन बरे आहेत, तिकडचं कळवावं. खोकला कसा आहे? उरणची हवा खारी, त्यात तुम्ही पहाटे अंगणात उघड्या अंगानं बसता, असं वहिनी सुमित्राला सांगत होत्या. (मी मध्ये पडत नाही, फक्त कानावर घालतो.) फोनच करणार होतो, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं भाडेकरूंसकट सगळ्या मजल्यांना ऐकू जातं, आणि हा विषय हरेशच्या कानावर जाता कामा नये.

तर तुमच्या या भाच्यानं नवी गाडी घेतली. छोटी गाडी म्हणून घेतली, पण आमची जुनी लाल गाडी तिच्याशेजारी उभी केली की नव्या सुनेसारखी अंग चोरून उभी राहते. त्या जुन्या गाडीला येत्या रविवारी शोरूमची माणसं न्यायला येणार. एक्स्चेंजमध्ये तसं ठरलंय. मला ती द्यायची नाही. हे घरात अजून बोललो नाही, कारण ‘का?’ म्हणून विचारलं तर कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न आहे.

आधी नवीचं तोंड सांगतो. हल्लीच्या गाड्या जन्मतःच रागावलेल्या असतात. जुनीचे डोळे गोल, तोंड हसरं. समोरून आली की ओळखीचं माणूस आल्यासारखं वाटायचं. नवीचे डोळे फटीएवढे, खरे दिवे खाली गालांत, आणि जाळी एवढी मोठी की आता शिवी देते की काय असं वाटतं. चाकांभोवती काळं प्लास्टिक, जणू डोंगर चढायचाय. चढायचं काय, तर सानपाड्याचा पूल. छताला काच आहे, त्यातून म्हणे चांदणं दिसतं. (आमच्या गल्लीत वरच्या भाडेकरणीच्या दोरीवरचे कपडे दिसतात.) मागच्या दाराचं हँडल काचेच्या कडेला लपवलंय, त्यामुळे पाहुणे दार शोधत गाडीला प्रदक्षिणा घालतात. एसी कमी करायला बटण नाही, पडद्यावर बोट फिरवायचं, म्हणजे रस्ता सोडून तिकडे बघायचं. आणि तिकडे बघितलं की तीच गाडी ओरडते, समोर बघा. एअरबॅगा मात्र पुष्कळ आहेत, तेवढं मी मान्य करतो.

मी ओट्यावर बसून बराच विचार केला. ज्याला कुणाशी भांडायचं नाही, त्यानं रागीट तोंडाची गाडी का घ्यावी? बहुतेक रस्त्यात कुणी आपल्याला हलकं समजू नये म्हणून. मीसुद्धा कंपनीत लागलो तेव्हा मिशा त्याचसाठी वाढवल्या होत्या. तेव्हा हरेशला मी दोष देत नाही. आमची कौलारू घरं गेली, टॉवर आले, माणसं अनोळखी झाली. मग गाड्यांनी तरी कुणाकडे बघून हसावं?

पूजेची गंमत तर तुम्हाला सांगायलाच हवी. गावदेवीच्या देवळापुढे नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि गिरजाकाकीनं देवीच्या पायाचा झेंडूचा जाड हार गाडीच्या नाकावर बांधला. नेमकी तिथंच पुढचं बघायची यंत्रं होती. हरेशनं गाडी हलवली तशी ती बोंबलायला लागली, समोर माणूस आहे म्हणून. माणूस कुणी नव्हता, हार होता. हरेश हार सोडायला वाकला, तर काकी आडवी आली: “देवीचा हार हाय, कुनी हात लावाचा नाय.” झालं. एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला यंत्र, मध्ये हरेश. शेवटी तशीच बोंबलत वरात निघाली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, म्हाताऱ्या बाहेर आल्या, आणि कुणाची तरी प्रकृती बिघडून अँब्युलन्स आली असं समजून एका शेजाऱ्यानं स्वतःची स्कूटर बाजूला घेतली. आमच्या गल्लीत हे प्रथमच घडलं.

आता मूळ मुद्दा. शुक्रवारी म्हावरं आणायला दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेलो, नव्या गाडीनं. जुनी गाडी बुटकी. तिच्या मागच्या सीटवरून उतरताना सुमित्राचा गुडघा धरतो, म्हणून मी वळसा घालून तिच्या दाराशी जातो, हात देतो, आणि तो धरून ती उठते. वर्षानुवर्षं असंच चाललंय. नवीची सीट उंच. मी वळसा घालून पोचेपर्यंत तुमची बहीण उतरून बोंबलांचा भाव करत होती. मी हात पुढे करून उभा. कोळणीला वाटलं मालच मागतोय. तिनं माझ्या हातावर बोंबलांचा वाटा ठेवला.

दादा, मेव्हण्याला लिहिण्यासारखं हे नाही, पण चारचौघांत तुमच्या बहिणीनं माझा हात आजवर फक्त त्या जुन्या गाडीपाशी धरलाय. एरवी ती चार पावलं मागून चालते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या गुडघ्याला आराम पडला याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण आधी वाईट वाटलं. बोंबील त्या दिवशी मला गोड लागले नाहीत.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. अंगात बनियन घालून बसत जा.

आपला,
गोटीराम

ता. क. तुमच्या अंगणात आंब्याखाली जागा रिकामीच असते. रविवारच्या आत जुनी गाडी तिथं आणून लावली तर चालेल का? हरेशला मी ‘मामानं मागितली’ एवढंच सांगेन. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.

पुन्हा ता. क. पाकीट आणायला गेलो तेवढ्यात सुमित्रानं हे सगळं वाचलं. मग म्हणाली, “माजा गुरघा कदीच बरा जालाय. तुमी हात देयाचे, म्हनून मी धराचे.” तेव्हा अंगणातली जागा लागणार नाही. संध्याकाळी पुन्हा दिवाळ्याला जाऊन आलो. मी वळसा घालून तिच्या दाराशी गेलो, पण ते लपवलेलं हँडल काही मला सापडेना. तिनंच आतून दार उघडलं, आणि बसल्या जागेवरून हात पुढे केला.