नऊ बाद दोनशे पाच

मी, नरसिंग लिंबाजी सोनसळे, वय ७५, निवृत्त तिकीटबाबू, राहणार मुदखेड, जिल्हा नांदेड, हे कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर व पोस्टातली ठेव मुलगी लुंबिनी, राहणार लातूर, हिला द्यावी. तिची आई सरजाबाई हिने लावलेला लिंब तोडू नये.

२. रेडिओ माझा मित्र भुजंग याच्या पुतण्याला, वैजनाथला द्यावा. नुसते ऐकण्यातही सुख असते, हे त्याला कळावे.

३. भारतीय क्रिकेट संघाच्या १९४६ सालच्या इंग्लंड दौऱ्यावरचे इंग्रजी पुस्तक माझा मित्र भुजंग मारोती तिडके याला द्यावे. भुजंगला इंग्रजी येत नाही. आम्ही ते पोथीसारखे वाचायचो. मी वाचून अर्थ सांगायचा, त्याने हुंकार द्यायचा. महायुद्ध नुकतेच संपलेले, तिकडे साहेबालाही रेशन, हे ऐकून तो खूश व्हायचा. त्याला अजून खूश करावे म्हणून मी एका फलंदाजाला परभणीचा करून टाकले. भुजंगने ते बाजारभर सांगितले. वैजनाथने मोबाईलवर शोधून पारावर चुलत्याचे हसे केले. "पोथीत खोटं वाचलास, नरसिंगा," एवढेच बोलून भुजंग उठला. सरे या तिकडच्या काउंटी संघाविरुद्धच्या सामन्यात आपले नऊ बाद दोनशे पाच झाले होते, शेवटची जोडी मैदानात होती. अकरा वर्षे झाली, खूण त्याच पानावर आहे. चूक माझी होती. पुढचे लुंबिनीने वाचून दाखवावे, कारण ते इतके नवलाचे आहे की माझ्या तोंडून त्याला पटणार नाही.

४. दिवसकार्याला जेवणावळ घालू नये. बुद्धवंदना घ्यावी, चहा द्यावा.

ताजा कलम : ठरलेला साक्षीदार आला नाही, म्हणून शेजारच्या सिंधुताईंनी मला न विचारता भुजंगला बोलावून आणले. वकिलांनी त्याच्यासमोर सगळे वाचले.  मग तो म्हणाला, "तुझ्या मरणाची वाट कोन बघंल? सही करतो, पण आधी वाच." मी वाचले. दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या त्या दोघांनी शतके ठोकली, दोनशे एकोणपन्नासची भागी केली.  साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. म्हणून कलम ३ रद्द. दौरा अजून बराच बाकी आहे, भुजंग उद्या चारला येतो आहे.

मुदखेड, दि. ९ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : नरसिंग लिंबाजी सोनसळे (सही)

साक्षीदार :
१. सिंधु भागवत वाघमारे (सही)
२. भुजंग मारोती तिडके (सही). मॅच वाचून दाखवली. या बारीला खरी हाय.