पदर तोंडाला लावून

मुलुंड, १२ डिसेंबर १९८४

ती. आईस लवूचा नमस्कार,

इथे सगळे ठीक. अनुपमाचा ताप उतरला, पोरं शाळेत जातायत. तू उगाच काळजी करू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो? तेल चोळतेस ना?

रविवारी अंधेरीला एक मूकपट दाखवला, साठ वर्षांपूर्वीचा. प्रेमाचा, पण हसवणारा. आबा सांगायचे तोच गं! कामाला बाई मिळेना म्हणून त्यांनाच नायिका केलं होतं ना, तो. सोळा वर्षांचे आपले आबा, नऊवारी नेसून! नायक फूल घेऊन खिडकीखाली उभा राहतो आणि आबा वरून त्याच्या डोक्यावर अख्खी कळशी ओततात. मग पदराचं टोक तोंडाला लावून हसतात. लोक खो खो हसत होते. मला मात्र समोरचं दिसेना.

म्हातारपणीही आबा पंच्याचं टोक तोंडाला लावून तसेच हसायचे. माझ्या लग्नात, सासरच्या माणसांदेखत, मी त्यांच्यावर खेकसलो होतो, "बायकांसारखं काय हसता? शोभतं का?" त्यानंतर माझ्यासमोर ते तसे कधीच हसले नाहीत.

शेजारच्या माणसाने विचारलं, "ही हिरोइन कोण हो? झकास काम करते." माझे वडील, असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "काय माहीत."

आई, माझ्यामागे, घरात तुम्ही दोघंच असताना तरी ते तसे हसायचे का गं? हसायचे, एवढंच लिहून पाठव.

तुझा,
लवू