कर्मूझची शॉर्टवेव्ह चळवळ

रमजान १, रविवार

अलेक्झांड्रियातल्या आपल्या कर्मूझच्या पेन्शनरांनो, कारकुनांनो, इस्त्रीवाल्यांनो, जिन्यात बसून भाजी निवडणाऱ्या आयाबहिणींनो! आपल्या प्रत्येकाच्या खिडकीतून एक काळी वायर आत येते आणि घरातली संध्याकाळ बाहेर ओढून नेते. तिच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीवरच्या डिशखाली, बयूमी बसला आहे. मॅच बघायची? बयूमीला विचारा. मालिका बघायची? बयूमीला पैसे द्या. यंदा ऐन रमजानच्या तोंडावर त्याने वर्गणी वाढवली. का, तर म्हणे खेळांचं चॅनेल महागलं. मी विचारतो, आकाश कोणाचं आहे? बयूमीच्या बापाचं?

(भाषण इथपर्यंत पक्कं. शिक्षक संघटनेचा चिटणीस होतो तेव्हा एवढ्यावरच टाळ्या पडत. पुढचं उद्या.)

निश्चय: टीव्ही बंद. शॉर्टवेव्ह सुरू. अख्खं जग, तेही फुकट.

बायकोला, इनायातला, सांगितलं. ती मसुराचं सूप ढवळत होती. म्हणाली, आज पहिला रोजा आहे, क्रांती उद्या करा.

रमजान २, सोमवार

जुन्या बाजारात टीव्ही देऊन रेडिओ आणला. जर्मन, लाकडी पेटीचा, पुढे दोन हात रुंद काच, तिच्यावर जगातल्या शहरांची नावं. विकणारा म्हणाला, उस्ताज, असं गिऱ्हाईक मला वर्षात भेटलं नाही. पारखी माणूस.

टीव्ही लेकीने, सोहैरने, दिला होता. तिचा तांताहून फोन आला. बाबा, तुम्ही माझा टीव्ही विकलात? म्हटलं, मुली, विकला नाही, बदलला. ती म्हणाली, आईला द्या फोन. आईने फोन घेतला आणि बराच वेळ नुसतं हं, हं केलं.

इनायातने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, त्याच्यावर चहाचा ट्रे ठेवला. काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती, हे संघटनेत मी अनेकदा सिद्ध केलं आहे.

रमजान ३, मंगळवार

सकाळी कात्रीने वायर कापली. ऐतिहासिक क्षण.

वरून आरडाओरडा. वायर समोरच्या गच्चीवरून माझ्या बाल्कनीत येऊन मग वर जात होती, म्हणजे वरच्या तिन्ही मजल्यांची होती. तफीदाने, वरच्या मजल्यावरच्या विधवेने, खिडकीतून डोकं काढलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, रुश्दी उस्ताज, ती कात्री आधी स्वतःच्या जिभेवर चालवून बघा! आंदोलनात सुरुवातीला गैरसमज होतातच.

बयूमी शिडी घेऊन आला. वरच्यांच्या वायरी जोडल्या, मग अदबीने विचारलं, उस्ताज, तुमचीही जोडू, की आता मॉस्कोला राहायला गेलात? अशांना उत्तर द्यायचं नसतं.

इफ्तारनंतर इनायात तफीदाकडे मालिका बघायला गेली. म्हणाली, एकच भाग. मालिका रोज आहे, ईदपर्यंत.

लग्न झाल्यापासून रमजानची प्रत्येक संध्याकाळ आम्ही दोघांनी एका सोफ्यावर काढली आहे. मध्ये सुकामेव्याची वाटी, समोर टीव्ही. टीव्ही होता म्हणून बसायचो असं काही नाही. पंधरा दिवसांच्या आत ती स्वतःहून खाली येईल आणि रेडिओपुढे माझ्या शेजारी बसेल. लिहून ठेवतो.

रमजान ५, गुरुवार

अँटेना बसवली. तांब्याची तार, बाल्कनीपासून समोरच्या खांबापर्यंत. दुपारपर्यंत तिच्यावर कोणीतरी पायजमे वाळत घातले. तळमजल्याचा इस्त्रीवाला खमीस म्हणाला, उस्ताज, दोरी छान ताणलीत, देव भलं करो.

स्टेशनं: कैरो. बहुधा अथेन्स. एक बाई, रडत होती किंवा गात होती. मी निवेदकाच्या श्वासावरून स्टेशन ओळखतो. याला कान लागतो.

इनायात वर होती. मालिकेतल्या कोणाच्या तरी लग्नाला वरचे सगळे टाळ्या वाजवत होते. छतातून ऐकू आलं.

रमजान ८, रविवार

आपल्या संघाची मॅच. बयूमीकडे पैसेवालं चॅनेल, माझ्याकडे शॉर्टवेव्ह. खमीसला बोलावलं. तो इस्त्री घेऊनच आला, कपडे राहिले होते. समालोचन लागलं. निवेदक भलताच पेटला होता. अर्ध्या तासाने खमीस म्हणाला, उस्ताज, हा गव्हावरच्या तांबेऱ्याबद्दल बोलतोय. म्हटलं, मध्यंतर असेल.

तेवढ्यात चौकातल्या कॅफेत गोल झाला. अख्खी गल्ली ओरडली. खमीस इस्त्री तशीच टाकून पळाला. शर्ट जळाला, माझाच होता.

नोंद: गोल आपल्यालाही मिळाला, फक्त उशिरा.

रमजान ११, बुधवार

‘फुकट लहर मंडळा’ची बैठक. हजर: मी. खमीस दारातून डोकावला आणि म्हणाला, मी हजर आहे असं लिहा, फक्त बसत नाही. लिहिलं.

आज इनायात स्वतः बोलली. रोज रोज तफीदाच्या सोफ्यावर बसायची लाज वाटते म्हणाली. ती बिचारी रोज चहा करते, मी काय तोंडाने पिऊ? लोक विचारतात, उस्ताजशी भांडण झालंय का. या आठवड्यात घरात टीव्ही आला तर ठीक, नाहीतर मी ईद सोहैरकडे तांताला करते. तुम्ही आणि तुमचं अथेन्स बसा.

ही वाटाघाटीची भाषा आहे. मी ओळखतो. मंत्रालयातले लोक असंच बोलायचे. शेवटच्या दिवशी तेच सही करायचे.

रमजान १४, शनिवार, दुपारी ३

समुद्रावरून हिवाळी वादळ. दुपारपासून वीज नाही. बयूमीची डिश वाकून कबरस्तानाकडे तोंड करून बसली आहे. वर, खाली, समोर, सगळे टीव्ही मेले. मशिदीचा भोंगा बंद. या वाऱ्यात मुअज्जिन नुसत्या गळ्याने काय ओरडणार? ढग इतके की सूर्य कुठे आहे तेही कळत नाही.

माझा रेडिओ बॅटरीवर चालतो.

खमीस आला. म्हणाला, उस्ताज, आज इमारतीला तुमचाच आधार. अजान तुमच्या पेटीतून ऐकू, सगळे एकत्रच रोजा सोडू. तळमजल्यावर खमीसच्या दुकानात टेबलं जोडत आहेत. इस्त्रीची फळीसुद्धा घेतली. तफीदा कोबीची भरलेली पानं आणते आहे. बयूमीही येणार आहे. चेहरा बघायला हवा त्याचा.

आणि इनायात आली. स्वतःहून. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, आवाज वाढवा थोडा. मी पंधरा दिवस म्हणालो होतो. अकरा दिवसांतच आली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

जे झालं ते क्रमाने लिहितो.

कुराणपठण लागलं होतं. आवाज स्वच्छ. खमीसने विचारलं, हे कैरोच ना? म्हटलं, श्वास ऐक. त्याने ऐकला. म्हणाला, बरं.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली. लगेच खमीस म्हणाला, तोफ कुठाय? कैरो रेडिओ आधी तोफ डागतो, मग अजान देतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी समजावलं, की तोफेचा आवाज जड असतो, शॉर्टवेव्हवर जड आवाज तरंगत नाही, वाटेत बुडतो. पटलं. तफीदा म्हणाली, उस्ताज, रमजानच्या वेळांच्या कार्डावर पाच लिहिलंय आणि माझ्या घड्याळात अजून तसं काहीच नाही. म्हटलं, बाई, थंडीत घड्याळं मागे पडतात. तेही पटलं. सगळे भुकेले होते. तर्कशुद्ध बोललं की माणसं ऐकतात.

पण मी शिस्त सोडली नाही. कैरोपेक्षा अलेक्झांड्रियाचा सूर्य थोडा उशिरा मावळतो. म्हटलं, कोणी हात लावायचा नाही, पाच मिनिटं थांबा. त्या पाच मिनिटांत भाषण केलं. आकाश कोणाचं आहे, ते सगळं. उत्तम झालं. टाळ्या पडल्या असत्या, पण प्रत्येकाच्या हातात खजूर होता.

मग म्हटलं, बिस्मिल्ला.

सगळ्यांनी खाल्लं. इनायातने खजूर हातात धरून ठेवला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खाल्ला.

सूप संपलं. कोबी निम्मा झाला. मग वीज आली. बयूमीच्या माणसाने वर डिश सरळ केली असावी, कारण तफीदाच्या घरातला टीव्ही आपोआप सुरू झाला आणि जिन्यातून तोफेचा आवाज खाली आला. धडाम. मग अजान. मग मशिदीचा भोंगा खरखरला आणि त्यातूनही अजान. खमीसच्या हातात कोंबडीची तंगडी होती. खाली ठेवावी की तोंडात घालावी हे त्याला कळेना. त्याने ती माझ्या हातात दिली.

तेवढ्यात माझ्या रेडिओवरचा निवेदक म्हणाला, इथे अम्मान. अगदी स्वच्छ ऐकू आलं. एवढं चांगलं रिसेप्शन रेडिओ आणल्यापासून मिळालं नव्हतं.

अम्मान आपल्या बरंच पूर्वेला आहे. तिथे सूर्य आधी मावळतो. मी इतिहास शिकवला, भूगोल नाही.

इनायातने तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि वर गेली. तफीदाकडे नाही. आमच्या घरी.

रमजान १५, रविवार

मशिदीत शेखसाहेबांना विचारलं. म्हणाले, मुद्दाम केलं नाही, पाप नाही, पण ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांनी ईदनंतर एक रोजा भरून द्यायचा. मग हळूच विचारलं, उस्ताज, तोफ कुठे बुडाली म्हणालात?

गल्लीत सगळीकडे तेच. बयूमी म्हणाला, माझी वायर उशिरा येत असेल, पण सूर्याच्या आधी कधी आली नाही. खमीस म्हणाला, एक रोजा तुमच्या नावाने धरू, उस्ताज, मनाला लावून घेऊ नका. हसले सगळे. मीही हसलो. काही वाटलं नाही.

इनायात हसली नाही. तिने पित्ताशयाचं ऑपरेशन ईदनंतर ढकललं होतं, पण रोजा मोडला नव्हता. मी म्हटलं, एकच तर आहे, भरून देऊ. ती पीठ चाळत होती. म्हणाली, मला घड्याळात दिसत होतं, वेळ झाली नाही. तुमच्या तोंडाकडे बघून खाल्लं.

यावर उत्तर सुचलं नाही. सुचलं की लिहितो.

रमजान १६, सोमवार

टीव्ही आणायचा विचार केला. जुन्या बाजारात गेलो. आमचा टीव्ही विकला गेला होता. दुसरे होते. तत्त्वाचा प्रश्न म्हणून परत आलो.

उत्तर सुचलं नाही.

रमजान १७, मंगळवार

इनायात सकाळच्या गाडीने तांताला गेली. हवापालट. बॅगेत ईदच्या कहकचे साचे घेतले, म्हणजे बिस्किटं तिकडेच करणार. स्टेशनवर पोचवायला जाणार होतो. ती म्हणाली, खमीस बॅग घेतोय, तुम्ही तुमचं ऐका.

एका परीने बरंच झालं. तांतात आपली शाखा नव्हती.

रमजान १९, गुरुवार

मंडळाची बैठक. हजर: मी. ठराव एकमताने मंजूर.

इफ्तार: पाव, चीज. उभ्यानेच.

रमजान २१, शनिवार

तफीदाने खाली ताट पाठवलं. निरोप होता, इनायात नाही म्हणून पाठवते, तुमच्यासाठी नाही. परत पाठवणार होतो. खाल्लं. चांगलं होतं बहुतेक.

वरून मालिका ऐकू येते. ज्याचं लग्न झालं होतं तो आता तुरुंगात आहे असं वाटतं. विचारायला कोणी नाही.

रमजान २२, रविवार

उद्यापासून भूगोलाचं वाचन. नकाशा आणायचा.

रमजान २३, सोमवार

नकाशा आणला नाही. पाऊस होता. नव्हता खरं तर.

रमजान २४, मंगळवार

रेडिओ चालू. भाषा कळली नाही. बंदही केला नाही. सोफ्यावर सुकामेव्याची वाटी भरून ठेवली होती. सकाळी तशीच उचलली.

रमजान २६, गुरुवार

संध्याकाळी तांताला फोन केला. सोहैरने उचलला. म्हणाली, बाबा, जेवलात का? म्हटलं, मजेत आहे, इथे मोरोक्कोसुद्धा लागतं आता. ती म्हणाली, बरं, आईला देते.

इनायात आली. मी विचारलं, तिकडे रिसेप्शन कसं आहे? ती म्हणाली, आत्ता नको, मालिका सुरू झाली, नंतर करा. तिने रिसीव्हर बहुधा टेबलावरच ठेवला, कारण फोन कट झाला नाही. मालिकेचं गाणं ऐकू आलं. मग संवाद. तो माणूस तुरुंगातून सुटला आहे. त्याची बायको दार उघडत नाहीये. इनायातने सोहैरला विचारलं, उघडेल का गं? सोहैर म्हणाली, उद्या कळेल.

पूर्ण भाग ऐकला. शेवटी कोणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवला.

जे म्हणायला फोन केला होता ते राहूनच गेलं. इनायात, शनिवारी तीनच्या गाडीने घरी ये.