घरच्या माणसाचं लेझर

२ जानेवारी २००४
नवं वर्ष, नवी नोकरी. खरं तर कालच सुरुवात करणार होतो, पण नवे साहेब, अभयसर, खंडाळ्याहून परतले नव्हते. बुधवार पेठेतलं पेजरचं दुकान एकदाचं सुटलं. पेजरचं भवितव्य उज्ज्वल आहे असं मी शेवटपर्यंत म्हणत होतो. लोकच मोबाइल घेत सुटले, त्याला मी काय करणार?
आता मी 'नयनपहाट लेझर सेंटर'मध्ये व्हिजन कौन्सेलर. आईला सांगितलं, डॉक्टरांच्या बरोबरीचं काम आहे. ती म्हणाली, म्हणजे केसपेपर काढायचे का?
संकल्प: चष्मा सोडणे. स्टाफला लेझर फुकट. नंबर मायनस साडेसात. शिमग्यापर्यंत गरुडदृष्टी.

५ जानेवारी
आज तपासणी. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट पाहिला, उठून दार लावलं आणि हळूच म्हणाले, कॉर्निया पातळ आहे, लेझरने अजून पातळ होईल, पुढेमागे डोळा कायमचा बिघडेल. "तुझं नको. तू घरचा माणूस आहेस."
नोकरीला आठवडा नाही झाला आणि घरचा माणूस! भरून आलं.
बाहेर बसलेल्या एका गृहस्थांचा रिपोर्ट अगदी माझ्यासारखाच होता. ते फिट निघाले. ते बाहेरचे. नियम स्पष्ट आहे. डॉक्टरसाहेबांना स्वतःला केवढा जाड चष्मा! तेही घरचेच.

७ जानेवारी
अभयसर पूर्वी क्रेडिट कार्डं विकायचे, माणूस ओळखतात. म्हणाले, टकल्याने केशवर्धक तेल विकू नये. काउंटरवर चष्मा दिसता कामा नये. लेन्सेस घालून पाहिल्या. डोळ्यांतून इतकं पाणी आलं की एका पेशंटने माझं सांत्वन केलं. लेन्सेस रद्द. आता चष्मा खिशात. नजर हा बराचसा आत्मविश्वासाचा भाग आहे.

१२ जानेवारी
धंद्यातले बारकावे शिकतो आहे. 'ऑफर आज संपत आहे' ही पाटी रोज सकाळी मीच पुसून लावतो. जाहिरातीतला दर एका डोळ्याचा आहे. लोक दोन डोळे घेऊन येतात, हा त्यांचा प्रश्न.
एका तरुणीला पोहणं, स्कूटर, सनग्लासेस वगैरे फायदे तळमळीने सांगितले. वेणूबाई नावाच्या आजी निघाल्या. कवळीसाठी आल्या होत्या, दातांचा डॉक्टर वरच्या मजल्यावर. तरी त्यांनी दोन्ही डोळ्यांसाठी नाव नोंदवलं! अभयसरांनी टाळ्या वाजवल्या. बहुधा त्यांनीच.

१९ जानेवारी
माझा फोटो होर्डिंगवर! हडपसरला, आयटीवाल्यांच्या वाटेवरच. डावीकडे 'आधी': चष्म्यासह. उजवीकडे 'नंतर': बिनचष्म्याचा. दोन्ही फोटो एकाच बैठकीत काढले, मधे फक्त केस विंचरले. खाली मोठ्या अक्षरात, 'मी चष्मा सोडला!'
मनाला क्षणभर टोचलं. मग मजकूर पुन्हा वाचला. लेझर केलं असं कुठेही म्हटलेलं नाही. चष्मा सोडलाय, हे तर खरंच आहे.
घरी येताना कसबा पेठेत कोपऱ्यावरच्या म्हशीला "सरका जरा, काका" म्हणालो. काळोख होता.

२५ जानेवारी
कांदेपोह्यांचा कार्यक्रम, हडपसर. मुलगी चैताली, तिथल्याच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. होर्डिंगवरून मंडळींनी मला आधीच ओळखलं होतं!
दारामागे टांगलेल्या रेनकोटला वाकून नमस्कार केला. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी, तात्यारावांनी, तो स्वतःसाठी समजून स्वीकारला. पोहे घेऊन आली तिच्याकडे पाहून मनापासून हसलो. ती आत्या होती. चैताली समोर खुर्चीत आधीपासून बसलेली.
आवाज फार गोड. चेहराही, आकारावरून, छान असावा. दोन स्थळांनी चष्म्यामुळे नकार दिला, असं तात्याराव खाली मान घालून म्हणाले. चैतालीने मला विचारलं, चष्म्याशिवाय जग कसं दिसतं? मी म्हणालो, पूर्वी पाहिलंच नव्हतं असं दिसतं. एक अक्षर खोटं नाही.
निघताना सांगून आलो, सेंटरला या, मी जातीने लक्ष घालतो.
मला ती आवडली आहे. हे इथे लिहून ठेवतो, कारण आईला सांगितलं तर ती लगेच हॉल बघेल.

३ फेब्रुवारी
चैतालीची तपासणी झाली. रिपोर्ट नाकाला लावून वाचला. कॉर्निया माझ्याइतकाच पातळ. किंचित जास्तच.
डॉक्टरसाहेबांनी लिहिलं: फिट.
अभयसरांना विचारलं. म्हणाले, लग्नसराईची ऑफर आहे, टार्गेट डोक्यावर आहे, कौन्सेलरने कौन्सेलिंग करावं. ऑपरेशन एकवीस तारखेला.

४ फेब्रुवारी, पहाटे
झोप नाही. पण मार्ग सापडला! घरच्या माणसाचं लेझर करत नाहीत. चैताली अजून घरची नाही, एवढीच अडचण. साखरपुडा एकवीसच्या आत उरकला की ती घरची झाली, डॉक्टरसाहेब आपणहून नको म्हणतील. कोणाला काही कबूल करायला नको. इतकं साधं होतं.

८ फेब्रुवारी
तात्यारावांकडे गेलो. साखरपुडा याच आठवड्यात करू म्हणालो. ते म्हणाले, आधी चष्मा, मग साखरपुडा. मी म्हणालो, आमची चष्म्याला मुळीच हरकत नाही. ते खिन्नपणे हसले. म्हणाले, सगळे आधी असंच म्हणतात हो.

१५ फेब्रुवारी
आईला मधे घातलं. आई तात्यारावांच्या बाजूला गेली. चष्मा नसला की फोटो चांगले येतात म्हणाली.
मग थेट डॉक्टरसाहेबांना सांगितलं, ती जवळजवळ घरचीच आहे. त्यांनी विचारलं, नात्यात आहे का? म्हटलं, होणार आहे. म्हणाले, होऊ दे, मग बघू.

२१ फेब्रुवारी, सकाळ
अखेरची आणि अचूक योजना. चैतालीची फाइल लपवली. फाइल नाही तर ऑपरेशन नाही. आता निवांत.

२१ फेब्रुवारी, सकाळ, जरा नंतर
लपवलेली फाइल एसीच्या दुरुस्तीची होती.

२१ फेब्रुवारी, रात्र
लिहूनच टाकतो.
चैताली आली. संमतीपत्रावर सही करायला पेन मागितलं. मी पेन दिलं. ती वाचत होती, मी तिच्या दिशेने हसत होतो. आत मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मी ते पेन परत ओढून घेतलं.
म्हणालो, "नको. तुमचं नको. घरच्या माणसाचं इथे करत नाहीत."
ती म्हणाली, "मग तुमचं कसं केलं?"
खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आणि पहिल्यांदा तिला पाहिलं. तिच्या चष्म्याची काडी डावीकडे जरा वाकडी आहे. फार सुंदर आहे ती. हे सांगायला वेळ बरोबर नव्हती.
मग सगळं सांगितलं. कॉर्निया, होर्डिंग, घरचे, बाहेरचे, सगळं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आणि हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"
तीन तारखेपासून, असं म्हणालो. तिने पर्स उचलली.
बाहेर बसलेले पेशंटही उठून गेले. मी बराच मोठ्याने बोलत असणार. अभयसरांनी आत बोलावून सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. एका अर्थी बरंच झालं, या क्षेत्रात मला पुढे वाव नव्हता. चैताली मात्र माझी सचोटी ओळखून असणार. एक-दोन दिवसांत निरोप येईल.

२७ फेब्रुवारी
निरोप आला. नकार. मध्यस्थांनी कारण विचारलं म्हणे. मुलगी म्हणाली, चष्मा चालला असता.