खऱ्या आईचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
माननीय मुख्य अधिकारी,
ऑनलाइन फसवणूक तक्रार कक्ष,
दुसरा मजला (लिफ्ट बंद)

अर्जदार : इस्त्रीच्या दुकानाची मालकीण, गल्लीत 'काकू' म्हणून माहीत

विषय : मी माझ्या मुलीशी मायेने बोलले ते बोलणे माझेच होते, असा शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : माझ्या खोट्या चेहऱ्याबद्दलची आपल्याकडे पडून असलेली तक्रार.

महोदय,

अर्ज करते की, माझे शिक्षण चौथीपर्यंत आहे. बाहेर अर्ज लिहून देणाऱ्याने प्रत्येक वाक्यात 'सदर' घुसवले, म्हणून कागद त्याच्या हातातून काढून घेतला व स्वतः लिहीत आहे. चुकले तर समजून घ्यावे, हसू नये.

१. एका गिऱ्हाइकाने जळक्या डागाचा आळ माझ्या इस्त्रीवर घेतला, तेव्हा मी त्याची हजेरी घेतली. नातीने त्याचा व्हिडिओ सगळीकडे पाठवला. लोकांना तो फार आवडला. चोरांनाही आवडला असावा, कारण त्यांनी त्यातून माझा चेहरा व आवाज उचलला आणि माझ्या थोरल्याला व्हिडिओ कॉल केला. "राजा, दमला असशील रे. जेवलास का? बरं, तुझ्या फोनवर एक नंबर आलाय, तेवढा सांग," असे मी म्हणाले. म्हणजे मी नाही, ती. त्याने सांगितला, खाते रिकामे झाले. सून त्याला म्हणाली, "आईंनी जेवलास का विचारलं, तिथंच कळायला नको तुम्हाला?" सून माझ्याच हाताखाली तयार झाली आहे.

२. तक्रार द्यायला आलो तेव्हा आपल्याकडच्या चष्मेवाल्या बाईंनी सल्ला दिला, की घरात एक गुप्त खूण ठरवा. थोरला म्हणाला, एखादा शब्द ठेवू. माझी जाऊ म्हणाली, "शब्द कशाला? ही बया रागावल्याशिवाय कधी बोललीय का? जी गोड बोलेल ती खोटी. फोन ठेवून द्यायचा." सगळे हसले. मीही हसले. खरे सांगते, मला अभिमान वाटला. परगावी दिलेल्या धाकट्या मुलीलाही तसे कळवले.

३. मागल्या महिन्यात त्या मुलीचे पोटातले मूल गेले. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले, डॉक्टर खाटेवरून उतरू देईनात. मी फोन लावला. म्हटले, "बाळा, रड. मी आहे." तिने फोन ठेवला. मग व्हिडिओ कॉल केला. मला बोलवेना, नुसते डोळे वाहत होते. मुलगी जावयाला म्हणाली, "अहो, बघा, आजच्या दिवशीही सोडत नाहीत मेले! माझी आई रडताना पाहिलीय का कधी कुणी?" आणि माझा नंबर बंद करून टाकला.

थोरला म्हणाला, मी समजावतो तिला. म्हटले, आईला लेकीशी बोलायला जामीन लागतो काय? शेजारणीचा फोन घेतला आणि पोरगी हॅलो म्हणायच्या आत सुरू झाले. "केस विंचरलेस का? अंथरुणात लोळत पडलीयस ती? ऊठ, तोंड धू, दोन घास खा. लाज नाही वाटत?" मग म्हणाली, "आई, तूच आहेस." आणि रडायला लागली. "आज तरी रागवायचं नव्हतंस गं."

४. मी तिला सांगितले, की आधीचे दोन्ही फोन माझेच होते. ती म्हणाली, "राहू दे आई. मला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलूस." तेव्हापासून रोज फोन करते आणि रोज रागावते. जरा मवाळ झाले की ती गप्प होते, तिला शंका येते.

चोर सापडला नाही तरी चालेल, पैशावर मी पाणी सोडले. पण चष्मेवाल्या बाई म्हणतात, खोट्याला खोटे ठरवता येते, खऱ्याला खरे ठरवायची इथे सोय नाही. मग सोय करा. तेवढ्यासाठीच आपण वरच्या खुर्चीत बसला आहात.

तरी "बाळा, रड. मी आहे" हे वाक्य अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने उच्चारले, असा दाखला सही-शिक्क्यानिशी द्यावा. बाई म्हणतात, पडताळणीसाठी ते आपल्यासमोर पुन्हा तसेच बोलून दाखवावे लागेल. ते जमणार नाही. ते तिच्यासाठी होते.

आपली, जिन्यावर बसून उत्तराची वाट बघणारी,
(सही)
काकू, इस्त्रीवाली
दिनांक : ९ मार्च

सोबत : गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद. आई असून लेकीकडे गेली का नाही, असे कोणी विचारेल म्हणून.